काचेचं माप

सुताराचा डावा डोळा काचेचा होता. दवाखान्यात डोळे तपासणाऱ्या नव्या बाईंना ते ठाऊक नव्हतं. त्यांनी मशीनवर त्याचंच माप घेतलं. आतल्या पडद्याला सूज आहे, असा आकडा आला.

"मशीन चुकलं हो काका, ही तर काच!" डोळ्यात नीट बघून बाई हसल्या.

"माप आलंय म्हणजे लाकूड कुठंतरी असणारच. उजवा बघा."

उजव्या डोळ्यात नेमकी तेवढीच सूज निघाली. वेळेत इंजेक्शन मिळालं, नजर वाचली.

आज तो बाईंसाठी स्वतः घडवलेलं स्टूल घेऊन आला. मशीनच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "घे बाबा, पुन्हा माप घे." त्याने हनुवटी टेकवली.

बाईंनी त्याचा उजवा डोळा तळहाताने झाकला, काचेचा तेवढा मशीनसमोर ठेवला आणि सवयीनं विचारलं, "आतला हिरवा ठिपका दिसतो का?"

"तुमच्या कृपेने लख्ख दिसतो की!"