लाल ढगाची सावली

इंजिनिअर देवस्थळींनी दोन्ही पारदर्शक नकाशे खिडकीच्या काचेवर एकावर एक धरले: आर्किटेक्ट ऋजुताने आखलेला रुग्णालयाचा रॅम्प आणि त्यावरून जाणारा त्यांचा बीम.

“स्ट्रेचर जाईल, मॅडम. सलाइनची बाटली मात्र माझ्या बीमवर फुटेल.”

रॅम्प तिनेच उंचावला होता. त्यांना कळवायचे राहून गेले होते. नकाशे संध्याकाळी साइटवर निघायचे होते. वर्षभर रेघेरेघेवरून तिच्याशी भांडणारा हा माणूस आता मोठ्या साहेबांना हाक मारणार आणि आपली नोकरी जाणार, हे तिने गृहीत धरले.

त्यांनी लाल पेन्सिलीने आपल्याच बीमभोवती बदल दाखवणारा ढग काढला आणि लिहिले, ‘बीम चुकला, वर घेतला.’

“चूक माझी होती, साहेब.”

“असेल. पण उद्या भांडायला मला दुसरं कोण मिळणार?”

काचेपलीकडल्या उन्हाने ढगाची सावली तिच्या तळहातावर ठेवली. तिने ती प्रसादासारखी मुठीत घेतली.