खोक्यातली रिंग

लेहच्या गिर्यारोहण शिबिराचे प्रमुख रिगझिन यांनी मला, रसायनशास्त्राच्या शिक्षकाला, पत्रातून विचारलं होतं: 'ऑक्सिजन मास्कमधल्या सिलिकोन रिंगा थंडीत कडक होऊन गळती होणार नाही ना?' मी उत्तर दिलं नव्हतं. रिंगा माझ्या जुन्या विद्यार्थ्याच्या, सुहृद टिळेकरच्या कारखान्यातल्या. त्याच्यावर संशय घ्यायला मन धजत नव्हतं.

अखेर कारखान्यात गेलो. "सर, फेनिल सिलेन घातलंय. त्यानं रबर थंडीतही मऊ राहतं, तुम्हीच शिकवलंत," म्हणत त्यानं खिशातून रिंग काढली, ड्राय आइसमध्ये बुडवून ठेवली आणि मग वाकवली. सहज वाकली.

मला हायसं वाटायला हवं होतं. पण रिंग खिशात कशाला?

"लेहला पाठवायच्या या खोक्यातली एक घेऊ का रे?"

"सर, माझ्यावर विश्वास नाही?" तो हसला, पण खोक्यावरचा हात त्यानं काढला नाही.

"तुझ्यावर आहे," मी चाचरत म्हणालो, आणि हळूच त्याचा हात बाजूला केला.

ही रिंग ड्राय आइसमधून लाकडासारखी ताठ निघाली.

"सर, फेनिल फार महाग पडतं हो," तो पुटपुटला.

परतताना मी उत्तर टपालपेटीत टाकलं: 'गळती होईल. या रिंगा लावू नका.'