सिमकोवरची झाडं

बॅरी शहर पाहायला आलेल्या डोरीनचा नवरा गोठलेल्या सिमको तळ्यावर फिरायला गेला, आणि धुकं उतरलं. तासभर ती काठावर देवाचा धावा करत उभी होती. अखेर लॉइड धुक्यातून चालत आला.

"मेल्या, जीव टांगणीला लावलास की माझा," ती त्याला बिलगली.

"अगं, वाट दाखवायला नाताळची जुनी झाडं रोवलीत ना बर्फात, त्यांच्याच आधाराने आलो."

काठावर आपल्या ट्रकपाशी उभा असलेला, तिथलाच क्लेटन हसला. "साहेब, रोवणारा मीच. झाडं अजून गाडीत आहेत, उद्या लावणार."

त्याने ताडपत्री उचलली. झाडं गाडीतच होती. पण प्रत्येक बुंध्याला तळ्याचा ताजा, ओला बर्फ चिकटला होता.

डोरीनने पुढे होऊन त्यातलं एक झाड कवटाळलं.