कुणाची गं तू?

“वायफाय जोडून देऊ का? थोडं बसावं लागंल,” काउंटरवरची मुलगी म्हणाली.

“नको,” म्हणत तनुजानं फोन पर्समध्ये टाकला. कॉम्प्युटर सुरक्षेच्या कंपनीत मुलाखतीला यायचं आणि त्यांच्याच वायफायला फोन जोडायचा, इतकी काही ती भोळी राहिली नव्हती. तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं.

ही सहावी मुलाखत. दोन वर्षं करमाडहून औरंगपुऱ्यातल्या क्लासला ये-जा करून ती कॉम्प्युटर सुरक्षेचा कोर्स शिकली होती, आणि पाच ठिकाणी ‘कळवतो’ ऐकून घरी परतली होती. आता तिला कंटाळ्याचाही कंटाळा आला होता. आज जमलं नाही तर सोमवारपासून शेंद्र्याच्या कारखान्यात पॅकिंगच्या लाइनवर उभं राहायचं. वडील रागावले वगैरे नव्हते. ठेकेदाराला शब्द तेवढा देऊन आले होते.

बाकावर शेजारी धोतर-टोपीतले एक आजोबा टेकले होते. पुतण्या आत कामाला आहे, त्याची वाट बघतोय म्हणाले. उन्हानं घामाघूम झालेले. तिनं आपली पाण्याची बाटली पुढं केली. दोन घोट घेऊन त्यांनी आपल्याकडं कुणीही विचारतं तेच विचारलं.

“कुणाची गं तू?”

“करमाडच्या तात्यासाहेबांची.”

“आन् आईचं म्हायेर? जालन्याकडचं आसंल.”

“नाय आजोबा, लाडसावंगीचे पडूळ.”

“पडूळ व्हय! मंग सोयऱ्यातलीच निघालीस की. करमाडच्या शाळंत आमच्या साडूची लेक होती शिकवायला. अनसूया. पहिलीला तीच आसंल तुला.”

“नाय, मला वच्छलाबाई होत्या. लई जीव होता त्यांचा माझ्यावर.”

बोलता बोलता तिचे खांदे सैल झाले. सकाळपासून पहिल्यांदाच कुणीतरी माणसासारखं बोललं होतं. तेवढ्यात तिला आत बोलावणं आलं.

मुलाखत घेणाऱ्या मनस्विनी मॅडमनी तिला पाऊण तास पिळून काढलं. एकही उत्तर अडलं नाही. शेवटी त्यांनी विचारलं, “कुणाचं खातं उघडायची सगळ्यात सोपी वाट कोणती?”

“पासवर्ड फोडत बसायचं नाही, मॅडम. ‘पासवर्ड विसरलो’ दाबायचं आणि गुप्त प्रश्नांची उत्तरं द्यायची. ती उत्तरं लोक स्वतःच सांगत फिरतात.”

मॅडम हसल्या. “छान. आमच्या साइटवर अर्ज भरताना खातं उघडलं होतंत ना? त्यातच टाकलंय तुमचं नेमणुकीचं पत्र. उघडा.”

तनुजाच्या डोळ्यांत पाणी आलं. सोमवार टळला होता. तिनं फोन काढून घाईघाईनं पासवर्ड टाकला. चुकीचा. एकेक अक्षर बघून पुन्हा टाकला. चुकीचा.

“मॅडम, काहीतरी गडबड आहे. मी बदललेला नाही.”

मॅडमनी दाराकडं पाहून हाक मारली, “नानासाहेब, या आत.”

बाकावरचे आजोबा लॅपटॉप काखोटीला मारून आत आले. त्यांनी तिच्याकडं नीट पाहिलंही नाही.

“म्या बदलला, पोरी. पडूळ न् वच्छलाबाई, दोन्ही उत्तरं बरोबर निघाली,” ते थकल्या आवाजात म्हणाले. “वाईट वाटून घेऊ नको. सकाळपासून फसलेली तू चौथी.”