अहल्येची हाक

"अहल्या गेली," आबा म्हणाले आणि तिचं लुगडं त्यांनी तिच्या भावाच्या, सदानंदच्या, हातात ठेवलं. "नेस."

स्वयंपाकघरामागच्या अरुंद खोलीत बापलेक उभे होते. मागच्या दाराने ये, असा निरोप सकाळी नाटक कंपनीच्या बिऱ्हाडी आला होता. कंपनीत गेल्यापासून या घरातून आलेला पहिलाच निरोप. सदानंद पायांत वहाणाही न घालता आला होता.

"केव्हा गेली?"

"दिवाळीच्या आधी. तापाच्या साथीत. डभोईला, सासरीच."

"मला कुणी कळवलं का..."

"तुला कशाला कळवायचं? तुझ्या नावाने मी कधीच आंघोळ केली आहे." आबांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि आवाज खाली आणला. "तुझ्या आईला सांगितलेलं नाही. डोळ्यांना दिसत नाही, अन्नही सुटलंय. एकच धोशा, अहल्येला आणा. वैद्य म्हणतात, आज नाहीतर उद्या. तू बायकांचे आवाज काढतोस ना? काढ."

"आबा, सदू म्हणून एकदाच मला तिच्यापाशी..."

"नाही. अहल्या म्हणून जायचं तर जा. नाहीतर आलास ते दार उघडंच आहे."

सदानंद लुगडं नेसला. रोजची सवय होती; निऱ्या चुकल्या नाहीत. आबांनी तोंड फिरवलं नाही. ते बघत राहिले आणि शेवटी म्हणाले, "पदर ती डोक्यावरून घ्यायची."

आई, येसूबाई, माजघरात पलंगावर पडल्या होत्या. खिडकीतलं ऊन त्यांच्या पायांवर आलं होतं. सदानंद पलंगाच्या कडेला टेकला. लहानपणी याच माजघरात त्याचा खेळ चाले. दाराआड लपून तो अहल्येच्या आवाजात हाक मारायचा. आई हाताचं पीठ झटकत, "आले गं, आले," म्हणत धावत यायची आणि दाराआड सदूला बघून हसत हसत खालीच बसायची. मग तिने त्याला अहल्येचं परकर-पोलकं घातलं आणि शेजारणींना बघायला बोलावलं. मग शाळेच्या संमेलनात तो राणी झाला, मग कंपनीत नायिका. नायिका बदलत गेल्या, आवाज तोच राहिला. काल रावपुऱ्यात खेळ होता. तिसऱ्या अंकात नायिका आईला हाक मारते. सदानंदने अहल्येची हाक मारली. लोकांनी काठ्या आपटून ती पुन्हा मागून घेतली.

"आई, मी आले," तो अहल्येच्या आवाजात म्हणाला.

येसूबाईंचा हात चाचपत वर आला. पदरावरून, कपाळावरच्या कुंकवावरून, सकाळीच तासलेल्या हनुवटीवर येऊन थांबला.

"कशी आलीस?"

"गाडीने."

"बसायला जागा मिळाली?"

"मिळाली."

"आणि बाळ? कुठे ठेवलंस?"

अहल्येला मूल होतं हेच सदानंदला माहीत नव्हतं. त्याने दाराकडे पाहिलं. तिथे उभ्या आबांनी मान खाली घातली.

"सासूबाईंपाशी. निजलाय तो."

येसूबाईंनी हनुवटीवरचा हात त्याच्या गालावरून फिरवला.

"तुझं तोंड कुणीकडे आहे?"

तेव्हा सदानंदच्या ध्यानात आलं. तो रंगमंचावर बसावं तसा बसला होता, अर्धा आईकडे, अर्धा दाराकडे.

"अहल्या माझ्याशी बोलायची ती माझ्याकडे बघून. तिकडे कोण बसलंय तुझं?" येसूबाई म्हणाल्या. "आणि तिला मुलगी आहे, सदू."

सदू. सदानंदने तिच्या हातावर हात ठेवला. "आई," तो म्हणाला, आणि हा आवाज त्याचा स्वतःचा होता, जाडाभरडा, पुरुषाचा.

"गप. तो आवाज नको." येसूबाईंनी त्याचा हात आपल्या हातावरून काढून बाजूला ठेवला. "अहल्या गेली ते मला कधीच कळलंय. डभोईची मंछाबेन भाजी द्यायला आली आणि 'बिचारी अहल्याबेन' म्हणून दारातच रडायला लागली. तुझ्या आबांनी तिला गप्प केलं. माझे डोळे गेलेत, कान नाही गेले."

"मग अहल्येला आणा, असं का म्हणत होतीस?"

"म्हटलं की ते तुलाच आणणार. दुसरं कोण आहे त्यांच्याकडे?"

"म्हणजे मला बोलावलंस..."

"तुला नाही. तुला परकर घातला आणि हसले, ती चूक एकदा झाली माझी." त्यांना धाप लागली. "पोरगी गेली. तिचा आवाज तेवढा तुझ्यापाशी राहिलाय. तो दे आणि जा. सदू म्हणून रडायचं असेल तर बाहेर जाऊन रड."

सदानंदने डोळे पुसले. सरकलेला पदर डोक्यावर नीट घेतला. या वेळी त्याने पुरतं तोंड आईकडे केलं.

"आई गं!"

"आले गं, आले!" येसूबाई उठू पाहत होत्या. दोन्ही हात पुढे करून त्या पीठ झटकत होत्या. मग उशीवर मागे पडल्या. श्वास चालू होता. चेहऱ्यावर हसू होतं, पण ते सदानंदकडे बघून नव्हतं.

तो जायला उठला.

दारात काठी आपटल्याचा आवाज झाला. जन्मात कधी नाटकाला न गेलेले आबा उंबऱ्यावर बसले होते, डोळे घट्ट मिटून.

"पुन्हा," ते म्हणाले.