सोबतीचा माणूस

गाडी ठरली, तर सदाशिवरावांच्या पदरात दोन गोष्टी पडणार होत्या : ड्रायव्हरशेजारची सीट आणि स्वतःचा धडधाकट मणका. रेल्वे ठरली, तर सात बायकांच्या बॅगा. श्रीलंका नकाशात नेमकी कुठे, हे त्यांनी अजून नीट पाहिलं नव्हतं. हा हिशोब मात्र तोंडपाठ होता. म्हणूनच बायकोच्या, लीलाबाईंच्या, शिलाईच्या दुकानात भिशीची बैठक चालू असताना ते पुन्हा एकदा पाणी प्यायला आत आले.

भिशी सात जणींची. दिग्रसमधल्या बाकीच्या भिश्या महिन्याला चिठ्ठी काढून पैसे वाटून मोकळ्या होत. या भिशीनं तीन वर्षं चिठ्ठीच काढली नाही. साठतील तेवढ्यात परदेश पाहायचा, असं ठरलं होतं. नवऱ्यांनीही हरकत घेतली नाही. फक्त त्यांच्यापैकी एकानं, फुलसिंगनं, अट घातली : एक तरी गडीमाणूस सोबत पाहिजे, त्याचा खर्च भिशीनं करावा. तो माणूस कोण, यावर फार बोलणं झालं नाही. त्या साली गुलाबी बोंडअळीनं कापूस खाल्ला होता. बाजार समितीत कापसाचे सौदे जुळवून देणारे सदाशिवराव दिवसभर रिकामे होते. एके काळी त्यांनी हात वर केला की कापसाच्या गाड्यांची रांग थांबायची. आता दुकानात येणारी बाई त्यांना एवढंच विचारायची, “लीलाबाई आहेत का?” त्यामुळे महिनाभर ते भेटेल त्याला सांगत होते, “सात जनीले घेऊन चाललो लंकेले. जबाबदारी मोठी हाय.”

“तिकडे फिरायला रेल्वे स्वस्त पडते,” शाळेत शिकवणारी दीपमाला मोबाइलमध्ये पाहून सांगत होती. “डोंगरातून जाते. दोन्हीकडे चहाचे मळे.”

“अन् मले गाडी लागते बाप्पा,” नलू म्हणाली. “रेल्वेच बरी.”

सदाशिवरावांनी पेला खाली ठेवला. “पन दर स्टेशनावर ब्यागा कोन उतरवीन?”

“तुमी हाय ना, भाऊजी,” नलू म्हणाली.

सगळ्या हसल्या. सदाशिवरावही हसले, पण त्यांचा हात नकळत कमरेवर गेला.

त्या दिवसापासून ते एका जागी बसेनात. पुसदच्या एका व्यापाऱ्याकडून त्यांनी तिकडच्या ड्रायव्हरचा नंबर मिळवला, त्याच्याशी हिंदीत बोलले आणि प्रचाराला निघाले. नलूला सांगितलं, “रेल्वे काय तुह्यासाठी थांबते का? हा मानूस म्हनशीन तिथं थांबवीन. लिंबू-सोडा गाडीतच ठेवते.” दीपमालेला सांगितलं, त्याला इंग्रजी येतं, हिंदी येतं, तिकडची भाषा तर येतेच, तिकिटं, हॉटेल, सगळं तोच पाहतो. तिसरीला सांगितलं, बॅगेला हात लावू देत नाही, खोलीपर्यंत नेऊन ठेवतो. हे शेवटचं त्यांनी चौथीला आणि पाचवीलाही सांगितलं. घरी यायचे, चप्पल काढायचे, परत घालायचे.

“अजी, बसा ना जरा,” लीलाबाई मशीन थांबवून म्हणायच्या.

“तू रेल्वेचा नाद सोड, मंग बसतो.”

राहिला फुलसिंग. तो स्टँडजवळच्या टपरीवर चहा पीत होता.

“परक्या मुलखात परका ड्रायव्हर, भाऊ? बाया हायेत संगं.”

“परका कायचा? साठीचा मानूस. फौजेतून रिटायर, नातवंडवाला. दारू नाही, बिडी नाही. राती हाटेलसमोर गाडीतच झोपते, राखन म्हनून. तुह्या घरच्या बाईले लेकीसारखी सांभाळीन. मी सांगून राह्यलो ना.”

फुलसिंगनं नंबर मागितला आणि तिथूनच फोन लावला. बराच वेळ बोलला. दोघांची हिंदी सारखीच मोडकी, त्यामुळे छान जमलं. फोन ठेवताना फुलसिंगचा चेहरा पार निवळला होता. चहाचे पैसे सदाशिवरावांनी आनंदानं दिले.

आता अडचण एकच उरली : रेल्वेपेक्षा गाडी बरीच महाग पडत होती, आणि जास्तीचा रुपया घालायची कुणाचीच तयारी नव्हती. शेवटच्या बैठकीला सदाशिवराव आत गेलेच नाहीत. दुकानाबाहेर ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत राहिले. आत कुजबुज झाली, मग कुणीतरी हसलं.

दीपमाला दारात आली. “भाऊजी, गाडी पक्की झाली. सगळ्याजणी तयार आहेत.”

सदाशिवराव तरातरा आत शिरले. कैक महिन्यांनी त्यांच्या शब्दावर काहीतरी ठरलं होतं. “म्या म्हनलंच होतं. अनुभवी मानसाचं आयकावं. पन पैशाचं कसं जमवलं?”

नलूनं पिशवी आवरायला घेतली. लीलाबाई सुईत दोरा ओवत होत्या. ओवून झाल्यावरच बोलल्या.

“अजी, ब्यागा तो उचलीन. रस्ता त्याले ठाऊक, भाषा त्याले येते, राती राखनबी तोच करीन. फुलसिंगभाऊले इचारलं, तर ते म्हने, असा मानूस संगं असल्यावर दुसरा कायले?”

जास्तीचा रुपया कुणालाच घालावा लागला नाही. गाडीचं सगळं भाडं एकट्या सदाशिवरावांच्या विमानाच्या वाचलेल्या तिकिटात निघालं.