एकच रिले

"आता लावा!" तो बॉनेटमागून ओरडला.

स्टीअरिंगमागे बसलेल्या बाबांनी एसीचं बटण दाबलं. दिवा लागला, पंखा घोंघावला आणि आतून तापल्या तव्यावरून यावा तसा वारा आला. बॉनेटखाली मात्र सगळं ढिम्म. एसी लागला की कंप्रेसर 'टक्' करून सुरू होतो. त्या एका टक्‌साठी तो सकाळपासून कान लावून उभा होता.

"गार येतंय का?"

"हं," बाबा म्हणाले.

"हं म्हणजे काय? येतंय की नाही?"

"नाही येत."

या 'हं'मुळे त्याच्या डोक्यात तिडीक जायची. फ्यूज बदलला, "हं." पट्टा ताणून पाहिला, "हं." समोरच्या गॅरेजवाल्याच्या हातापाया पडून त्याला बोलावून आणलं, गॅस मोजून घेतला आणि तोही पुरेसा निघाला, तेव्हासुद्धा "हं." रोज गाडी चालवणार हे, आणि चेहरा असा, जणू शेजाऱ्याची गाडी उघडून ठेवली आहे.

दुपारच्या ट्रेनने ताई येणार होती. मांडीवर दोन महिन्यांचं बाळ, त्याचं अंग घामोळ्यांनी भरलेलं. स्टेशनपासून घर चांगलं तासाभराच्या अंतरावर, आणि ऊन असं की गाडीच्या पत्र्याला हात लागला तरी चटका बसत होता. "एसी चालू आहे ना रे? नाहीतर मी संध्याकाळपर्यंत स्टेशनवरच बसते," ताईने फोनवर विचारलं होतं. याने गाडी न बघताच छाती ठोकून 'चालू आहे' म्हणून सांगितलं होतं.

वैतागून त्याने फ्यूजच्या पेटीचं झाकण पुन्हा उघडलं. एसीला वीज सोडणारा रिले आणि त्याच्या शेजारी हॉर्नचा. दोन्ही काळे, चौकोनी, जुळ्या भावांसारखे. पेटीत त्या मापाचे तेवढे दोनच होते. त्याने एसीचा रिले उपटला आणि त्या जागी हॉर्नचा दाबून बसवला.

"लावा!"

टक्.

"आला! आला की नाही गार?" तो नाचायचाच बाकी होता.

बाबा सावकाश खाली उतरले. शाबासकी राहिली बाजूला, त्यांनी खिडकीतून हात घालून हॉर्न दाबला. हॉर्न मुका.

"तो कसा वाजेल? त्याचा रिले मी एसीला लावलाय. एसीचा मेलाय."

"मेलेला हॉर्नचा होता," बाबा म्हणाले. "मीच अदलाबदल केली. नवा सांगून ठेवलाय, दुकानात आला नाही अजून."

तो आ वासून बघत राहिला. "म्हणजे सकाळपासून तुम्हाला माहीत होतं? मी इथे उन्हात भाजून निघतोय आणि तुम्ही मूग गिळून बसलात?"

"सांगितलं असतं तर तू लगेच काढला असतास."

"काढणारच! एवढा काय हॉर्न अडलाय तुमचा?"

बाबांनी वर पाहिलं. पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत आई कठडा धरून बसली होती. तिची नजर आता इतकी अधू झाली होती की खाली उभी असलेली गाडीही तिला दिसत नव्हती.

"कोपऱ्यावर आलो की मी दोनदा वाजवतो. तो ऐकला की तिचा जीव भांड्यात पडतो. गाडी कोणीही नेलेली असो."

"मग फोन करायचा ना!"

"मागे मला गाडीत चक्कर आली, तेव्हा फोनच केला होता. दवाखान्यातल्या खाटेवरून. म्हटलं, हा काय, पोचतोच आहे." बाबांनी बॉनेट खाली ओढलं. "फोन कुठूनही करता येतो, रे. हॉर्न कोपऱ्यावर आल्याशिवाय ऐकू येत नाही."

तो आणखीच चिडला. "आणि बाळाला काय घामात उकडून काढू?"

"छे, छे. एसी लाव तू. नीघ, उशीर होतोय."

भांडायलाही जागा ठेवली नाही या माणसाने. त्याने धाडकन दार लावलं. तेवढ्यात वरून आईचा आवाज आला, "निघालास का रे? आल्यावर वाजव हं कोपऱ्यावर."

बाबा त्याच्याकडे बघत नव्हते.

"वाजवतो," तो म्हणाला.

ट्रेन उशिरा आली. परतताना एसी झकास चालला. बाळ ताईच्या मांडीवर गाढ झोपलं आणि ताईने गाडीचं तोंड भरून कौतुक केलं.

कोपऱ्यावर त्याने गाडी कडेला घेतली आणि बंद केली.

"काय झालं? बंद पडली का?"

तो खाली उतरला. बॉनेट उघडलं. रिले इतका तापला होता की बोटांत ठरेना. शर्टाचं टोक धरून त्याने तो उपटला आणि शेजारच्या जागेत बसवला. मागच्या सीटवरून ताईचं चाललंच होतं, "अरे, उकडायला लागलं! बाळ जागं होईल! घर समोर आहे, आणि इथे कसली दुरुस्ती काढलीस?"

तो आत येऊन बसला आणि त्याने हॉर्न दाबला. एकदा. मग पुन्हा एकदा, लांब.

बाळ दचकून उठलं आणि त्याने भोकाड पसरलं.

"उठवलंस ना!" ताई कडाडली. "रस्त्यावर चिटपाखरू नाही. कोणाला ऐकवत होतास एवढं?"

"हं," तो म्हणाला.

समोर, वर गॅलरीत आईने इतका वेळ धरून ठेवलेला कठडा सोडला होता.